लॅपटॉप कुठेही उघडतो. बिऱ्हाड कुठे मांडायचे?

आमच्या भागात पूर्वी मुलगा शिकला आणि नोकरीला लागला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. नोकरी जिथे, बिऱ्हाड तिथे. पुण्याला लागला तर कोंढव्यात खोली. मुंबईला लागला तर मुंब्र्यात कुणा नातेवाइकाकडे आधी पथारी आणि मग स्वतःची खोली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हा नियम मोडला. हिवरखेड, तेल्हारा, अकोट, अंजनगाव इथली कॉम्प्युटरवाली मुले लॅपटॉप काखोटीला मारून घरी आली आणि घरच्या माडीवर बसून पुण्या-बंगलोरच्या कंपन्यांचे काम करू लागली. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होत राहिला. माणूस घराबाहेर पडत नाही आणि तरी कमावतो, हे गावाने पहिल्यांदाच पाहिले.

पुढे साथ ओसरली आणि कंपन्यांनी मुलांना परत बोलावणे सुरू केले. कुणाला आठवड्याचे पाचही दिवस, कुणाला दोन-तीन दिवस, आणि काही थोड्यांना अजूनही मुभा आहे की कुठेही बसा, काम वेळेवर द्या. प्रश्न या शेवटच्या मुलांचा आहे. कुठेही राहता येत असेल तर राहावे कुठे? आमच्या घरात हा प्रश्न सध्या रोज रात्री जेवणानंतर निघतो, कारण माझ्या धाकट्या भावाचा मुलगा याच मुभेवर हिवरखेडला आहे आणि कंपनीने आता त्याला लेखी विचारले आहे की कायमचे दूर राहून काम करणार की पुण्याला येणार. शेजारचे एक शेतकरी बंधू त्याला म्हणाले, "इथंच राय ना बापू, कायले जातं पुण्याले?" त्याची आईही तेच म्हणते, फक्त रडून म्हणते.

मी कापडाचा व्यापारी आहे. कॉम्प्युटरचे मला कळत नाही. पण माल दूर, पैसा दूर, गिऱ्हाईक जवळ, आणि या तिघांना जोडणारा माणूस कुठे बसावा, हा हिशेब आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. त्या आधारावर माझे मत सुरुवातीलाच मांडतो. दूर बसून काम करण्याचा हक्क आधी जवळ राहून कमवावा लागतो. ज्याने तो कमावला त्याने खुशाल गावी राहावे. ज्याने कमावला नाही त्याने भाडे वाचते म्हणून गाव निवडू नये.

दूर बसून धंदा करणे आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. त्याच वर्षी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये समुद्राखालची तार सुरू झाली. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. मग लिव्हरपूलचा व्यापारी आपल्या पेढीवर बसून तारेने वऱ्हाडचा कापूस मागवू लागला आणि काही आठवड्यांत गासड्या त्याच्या बंदरात उतरू लागल्या. आज आमची मुले जे करतात तेच हे काम, फक्त तारेच्या जागी इंटरनेट. पण त्या काळच्या मोठ्या कंपन्या पाहा. रॅली ब्रदर्स घ्या, किंवा स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावातून चालणारी फोल्कार्ट ब्रदर्स घ्या. त्यांनी सगळे तारेवर सोडले नाही. कापसाच्या ढिगापाशी आपला माणूस ठेवला. कापूस ओला आहे का, सरकी किती, धागा लांब की आखूड, हे तारेत येत नव्हते. ते बोटांना कळत होते. विंटरथुरचा मालक घरी बसू शकला, कारण खामगावच्या बाजारात त्याच्या वतीने कुणीतरी धुळीत उभे होते.

आता आमच्या कापडाकडे येतो. माझे वडील माल आणायला हिवरखेडच्या स्टेशनावरून मीटरगेज गाडीने सातपुड्याच्या घाटातून खंडव्याला जात आणि तिथून गाडी बदलून बऱ्हाणपूरला. मी धंद्यात आलो तेव्हा सुरत वाढली होती. आम्ही अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसायचो, भुसावळ-जळगाववरून सुरतला उतरायचो आणि दिवसभर रिंग रोडच्या मार्केटांमध्ये जिने चढायचो. वर्षातून चार फेऱ्या तरी होत. लग्नसराईच्या आधी एक, ईदच्या आधी एक, पोळा-दिवाळीच्या बेताने एक आणि एखादी अशीच, उधारीचा हिशेब मिटवायला. दोन रात्री गाडीत, दोन दिवस जिन्यांवर, खाणे उभ्याउभ्या.

त्या फेऱ्यांत माल तर आणलाच, पण खरी कमाई वेगळीच झाली. ताका उलगडून अंगठ्याने चोळायचा; खळ जास्त असेल तर पांढरी भुकटी सुटते, म्हणजे एका धुण्यात कापडाचा जीव जाणार. कडेचा धागा काढून जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख उरते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. पन्हा ४४ सांगितला की फूटपट्टी लावून पाहायचा. रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहायचा नाही, ताका घेऊन जिन्याच्या खिडकीपाशी जायचे. हे कुणी शिकवले नाही. जुन्या व्यापाऱ्यांच्या मागे उभे राहून, ते काय करतात ते पाहून शिकलो. एका म्हाताऱ्या आडत्याने मला फक्त एकदा म्हटले होते की बेटा, भाव मागून विचार, आधी कापडाला हात लाव. मी उर्दू शाळेत शिकलेला, गुजराती येत नव्हती. पण ते बोलणे समजायला भाषा लागली नाही.

आज मी सुरतला दोन-तीन वर्षांतून एकदा जातो. माल व्हॉट्सॲपवर येतो. आडत्या व्हिडिओ कॉल लावतो, मी डिझाइन नंबर सांगतो, पार्सल ट्रान्सपोर्टने अकोल्याला उतरते आणि तिथून टेम्पोने दुकानात. माझे हिवरखेडला बसणे आता कुठे अडत नाही. पण हे चालते ते मोबाइलच्या जोरावर, असे जो समजेल तो फसेल. ते चालते कारण क्वालिटीचे नाव घेतले की माझ्या बोटांना ते कापड आठवते. आणि दुसरे कारण त्याहून मोठे. आडत्या मला दोन-तीन महिन्यांची उधारी देतो. ती काही माझ्या मोबाइल नंबरला दिलेली नाही. पंचवीस वर्षे मी त्याच्या गादीवर जाऊन बसलो, मंदीत चेक परत गेला तर स्वतः जाऊन तोंड दाखवले, त्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो, त्या सगळ्याला दिली आहे.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. लॉकडाऊननंतर आमच्याच भागातल्या एका तरुणाने ड्रेस मटेरियलचे दुकान टाकले. सुरत पाहिलेली नाही, सगळी खरेदी मोबाइलवरच. फोटो सुंदर होते. पार्सल उघडले तर रंगाची छटा वेगळी, पन्हा दोन इंच कमी, आणि मधले काही ताके जोडाचे. पैसे आधी भरलेले, कारण नव्या माणसाला उधारी कोण देणार? तक्रार करायला फोन लावला तर फोन उचलला गेला नाही. मुलगा हुशार होता, मेहनती होता. त्याच्याकडे मोबाइल माझ्यापेक्षा भारी होता. त्याला जवळ राहून शिकायची संधीच मिळाली नाही, एवढाच फरक. वर्षभरात शटर खाली आले.

कॉम्प्युटरच्या कामात असेच असते का, असे मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "बडे अब्बा, अगदी असेच." तो लॉकडाऊनच्या आधी तीन वर्षे पुण्याच्या ऑफिसात बसलेला आहे. त्याच्या शेजारी एक वरिष्ठ बसत. अडले की खुर्ची फिरवून विचारायचे, ते स्क्रीनवर बोट ठेवून चूक दाखवत. आता त्याला अडले तर तो कुणाला फोन करायचा हे जाणतो आणि समोरचा त्याचा फोन उचलतो. पण अकोटचा एक मुलगा त्याच कंपनीत लॉकडाऊनमध्येच भरती झाला. दोन वर्षे त्याने ऑफिसची पायरी पाहिली नाही. दिलेले काम तो करतो, पण त्याला कुणी ओळखत नाही. चूक झाली तर ईमेल येतो, पण ती का झाली ते सांगायला कुणी बसत नाही. कंपनीने माणसे कमी केली तेव्हा यादीत त्याचे नाव होते. नाव काढणाऱ्याने त्याला कधी पाहिलेलेही नव्हते.

ही आमच्या दोन मुलांची गोष्ट झाली. पण ज्यांनी हे मोजून पाहिले त्यांचेही निष्कर्ष असेच आहेत. चीनमधील शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग झाला. टेलिफोनवर काम करणाऱ्यांपैकी ज्यांना इच्छा होती त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. मालक खूश झाला. पण त्यांनी जेवढे काम केले त्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की आम्हाला ऑफिसात परत घ्या, घरी एकटे वाटते. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांचा असाच अभ्यास झाला. सहकाऱ्यांच्या जवळ बसणाऱ्या नव्या मुलांना त्यांच्या कामावर जास्त सूचना मिळत होत्या, आणि ऑफिसे बंद होताच हा फायदा गेला. अनुभवी माणसांचा मात्र जवळ बसल्याने वेळ जात होता, कारण शिकवायचे त्यांनाच. म्हणजे जवळ बसण्याचा फायदा नव्याला आणि दूर बसण्याचा जुन्याला. कापड बाजारातल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

आता पैशाचा हिशेब करू, कारण हे पान व्यापाराचे आहे आणि आपल्याकडे हा निर्णय बहुतेक घरांत अर्ध्या हिशेबावर होतो.

पुतण्या म्हणतो, "पगार तोच, खर्च निम्मा." मी वही घेऊन बसलो. पुण्यात दोन खोल्यांचे भाडे, दूध-भाजीतला फरक, पेट्रोल, असे सगळे धरून गावी राहिल्याने महिन्याला २२,००० रुपये वाचतात. हा आकडा सगळे सांगतात. याच्या पुढचे कुणी सांगत नाही. त्याची बायको फार्मसी शिकलेली आहे आणि पुण्यात एका औषधाच्या दुकानात तिला १८,००० मिळत होते. हिवरखेडला तिच्यासारखीला तसे काम नाही. ते गेले. इंटरनेटच्या दोन लाइनी ठेवाव्या लागतात, कारण एक बंद पडली तर मीटिंग मध्येच तुटते; त्याचे महिन्याला १,५०० धरा. तीन महिन्यांतून एकदा कंपनी पुण्याला बोलावते. जाणे-येणे आणि राहणे मिळून महिन्याला सरासरी २,५०० पडतात. बेरीज करा. २२,००० वाचले आणि २२,००० गेले. वर इन्व्हर्टर आणि बॅटरीला एकरकमी ३०,००० घातले ते वेगळेच, कारण मे-जूनच्या वादळात तार तुटली की अर्धा दिवस वीज येत नाही.

मी हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा घरात थोडा वेळ कुणी बोलले नाही. सुनेने फक्त एवढे म्हटले की माझा पगार कुणीतरी वहीत लिहिला, बरे झाले. आपल्या समाजात मुलींना शिकवण्याचे प्रमाण वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण कुठे राहायचे हे ठरवताना तिच्या कमाईचा खाना आपण कोरा ठेवतो. ज्या घरात दोघे शिकलेले आहेत तिथे "कुठूनही काम" हे दोघांपैकी एकाचेच असेल, तर घराचे काम कुठूनही होत नाही.

अर्थात, वहीत न बसणाऱ्या बाबी गावाच्या बाजूने आहेत आणि त्या लहान नाहीत. माझ्या भावाला साखरेचा आजार आहे. मुलगा घरात असल्याने गोळ्या वेळेवर होतात. नातवंड आजीच्या मांडीवर वाढते. घर स्वतःचे आहे. पुण्यात खोली शोधताना नाव ऐकून फोन ठेवून देणारे पुतण्याला दोन-चार तरी भेटले होते. म्हणून तर आपली मुले ठरावीक वस्त्यांतच जातात आणि तिथली भाडी मागणीने चढत राहतात. हिवरखेडला त्याला नाव सांगायची गरजच नाही, त्याच्या आजोबांचे नाव लोकांना पाठ आहे. याची किंमत रुपयांत कशी लावायची?

शाळेचा प्रश्न मात्र मी भावनेवर सोडणार नाही. माझे शिक्षण उर्दूतून झाले, मला त्याचा अभिमान आहे, आणि ज्याला आपल्या मुलाला उर्दू शाळेत घालायचे त्याने घालावे. पण कॉम्प्युटरवर कमावणाऱ्या बापाला मूल इंग्रजी शाळेत घालायचे असते, आणि मग रोज सकाळी लहान मूल अकोटच्या गाडीत बसते. दवाखान्याचेही तसेच. साधा ताप गावात बरा होतो. मोठे काही झाले तर अकोला गाठावे लागते. वाहतुकीचे काय सांगावे? हिवरखेडवरून जाणारी मीटरगेज गाडी २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट मोठी लाइन २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, पण अकोटच्या पुढचा रस्ता मेळघाटच्या वाघांमुळे वादात सापडला आणि जंगलाबाहेरून वळवण्याचा विषय निघाला. वाघ वाचला पाहिजे यात शंका नाही. पण वडिलांच्या काळात ज्या गावातून खंडव्याची गाडी मिळत होती, त्या गावातून गाडीसाठी आता आधी अकोट गाठावे लागते, हे बिऱ्हाड मांडणाऱ्याने लक्षात घ्यावे.

पाण्याची बाब बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. वऱ्हाडातले सगळे गाव सारखे नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर खारे पाणी लागते आणि किडनीच्या आजाराच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी आहोत, वान धरण जवळ आहे, केळी-संत्र्याच्या बागा होतात. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये एवढा फरक. स्वस्त जागा मिळते म्हणून प्लॉट घेणाऱ्याने आधी तिथले पाणी प्यावे.

आता सर्वांत अवघड भाग. हा पगार कुणाच्या हातात आहे? दुकान माझे आहे. मंदी आली तर मी नफा कमी करतो, पण मला कुणी बोलावून घेत नाही. घरून काम ही कंपनीची मुभा आहे, मुलाचा मालकी हक्क नाही. पूर्वी भारतात अशा कंपन्यांना घरून काम देण्यासाठी दूरसंचार खात्याची परवानगी आणि बँक गॅरंटी अशा अटी होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने त्या काढल्या आणि लोकांना वाटले की आता हे कायमचे झाले. टाटांच्या टीसीएसने २०२० मध्येच सांगितले होते की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच माणसे ऑफिसात लागतील. त्याच टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्यांना आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बोलावले. अमेरिकेच्या ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केले. फेसबुकने तर २०२० मध्येच सांगून टाकले होते की स्वस्त गावी राहायला गेलात तर पगारही त्या गावाच्या मानाने ठरेल. म्हणजे "पगार तोच, खर्च निम्मा" यातले पहिले दोन शब्द कंपनीच्या मर्जीवर आहेत. मी या कंपन्यांना दोष देत नाही. ज्याचा पैसा त्याची अट.

म्हणून मी तरुणांना एक व्यापारी कसोटी सांगतो. दुकानाची जागा आम्ही लग्नसराईची गर्दी पाहून घेत नाही. भर पावसाळ्यात, श्रावणाच्या आधीच्या सुन्या आठवड्यात त्या रस्त्यावर उभे राहून पाहतो. राहायची जागाही पगार चालू असतानाच्या सुखावरून ठरवू नये. पगार बंद झालेल्या महिन्यात आपण तिथे काय करू, हे विचारावे. हिवरखेडला नोकरी गेली तर दुसरी कंपनी इथे नाही. पण डोक्यावर भाडे नाही, हप्ता नाही, आणि सहा महिने चूल बंद पडत नाही. पुण्यात नोकरी गेली तर दुसरी तिथेच शोधता येते. पण भाडे आणि फ्लॅटचा हप्ता थांबत नाही. ज्याला फोन केल्यावर दुसरे काम देणारी पाच माणसे ओळखीची आहेत, त्याला गावचा स्वस्तपणा हीच ताकद आहे. ज्याला अशी एकही व्यक्ती ओळखत नाही त्याला तोच स्वस्तपणा हळूहळू गिळतो. नोकरी नाही, शहरात परत जायला हिंमत नाही, आणि मग तीन-चार वर्षांनी तो कुठेतरी हिशेब लिहायला राहतो. अशी मुले मी पाहिली आहेत.

त्यावरून माझा सल्ला सरळ आहे. नवीन लागलेल्या मुलाने, त्याला घरी बसायची मुभा असली तरी, निदान चार-पाच वर्षे कंपनीच्या गावी राहावे. भाडे जाते त्याला शिकवणीची फी समजावे. आई रडेल, तिला समजवावे. ज्याचे हात तयार झाले आहेत, ओळखी झाल्या आहेत, त्याने गावाकडे यावे, पण बायकोच्या कामाचा विचार करून यावे. आमच्या घराच्या बाबतीत तो विचार मला अकोल्याकडे नेतो. तिथे औषधांची दुकाने आहेत, मोठे दवाखाने आहेत, शाळा आहेत, आणि शनिवारी सकाळी निघाले तर जेवायच्या आधी हिवरखेड गाठता येते. पुणे किंवा खेडे, असे दोनच पर्याय धरून लोक भांडतात आणि मधले जिल्ह्याचे गाव विसरतात. भावाला हे पटलेले नाही. तो म्हणतो, अकोल्यालाच राहायचे तर पुण्यानेच काय घोडे मारले.

भावाच्या रागात एक मुद्दा आहे. प्रत्येक शिकलेला मुलगा निघून गेला तर गावात उरणार कोण, आणि माझे कापड घेणार कोण? इथे तामिळनाडूचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने २०११ च्या सुमारास तेनकाशीच्या ग्रामीण भागात ऑफिस उघडले. वेंबू पुढे स्वतः तिथल्या मथलमपराई या खेड्यात राहायला गेले. त्यांनी मुलांना आपापल्या घरी एकटे बसवले नाही. गावाकडे ऑफिस नेले, शिकवणारे नेले, स्थानिक पोरांना शिकवून कामाला लावले. जवळ बसण्याचा जो फायदा शहरात मिळतो तो त्यांनी खेड्यात उभा केला. अमेरिकेत टल्सा शहराने, म्हणजे तिथल्या एका धनिकाच्या संस्थेने, २०१८ पासून बाहेरून येऊन राहणाऱ्या अशा कामगारांना १०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. आणि नुसते पैसे दिले नाहीत, एकत्र बसून काम करायची जागाही दिली.

आपल्याकडे कुणी डॉलर देणार नाही. हिवरखेडला आता नगरपरिषद झाली आहे, पण तिच्यापुढे पाणी, रस्ते आणि नाल्या आहेत, कॉम्प्युटरची खोली यादीत कधी येईल ते सांगता येत नाही. मात्र हिवरखेड, अडगाव, तेल्हारा एवढ्या टापूत पुतण्याच्या ओळखीची अशी सात-आठ मुले आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या जातिधर्मांची, आणि प्रत्येक जण आपापल्या माडीवर एकटा बसून दोन-दोन इंटरनेटचे पैसे भरतो आहे. ही मुले एका खोलीत बसली तर एक इन्व्हर्टर, दोन लाइनी आणि अडल्यावर विचारायला शेजारी माणूस, एवढे तरी होईल. कॉलेजातून निघालेला गावचा पोरगा त्यांच्या मागे उभा राहून शिकेल, जसे आम्ही आडत्याच्या गादीमागे उभे राहून शिकलो.

माझ्या दुकानाचा वरचा मजला रिकामा आहे. पूर्वी तिथे रजयांचा माल पडलेला असे. पावसाळ्याआधी वायरिंग नवीन करून घ्यायला मी माणूस सांगितला आहे. पुतण्या अकोल्याला गेला तरी आठवड्यातून दोन दिवस इथे येऊन बसेन म्हणतो. बाकीच्या मुलांनी भाडे किती असे विचारले, तेव्हा मी म्हणालो की पहिले तीन महिने विजेचे बिल तुम्ही भरा, चौथ्या महिन्यात भाव ठरवू.